पट्टा तयार झाला, आता पुढे काय?

प्रश्न: मी मूळची जतची. मुंबईत बायोमेडिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्ही तिघींनी नवजात बाळाच्या मनगटाला बांधायचा पट्टा बनवलाय. बाळाचं अंग गार पडलं की त्यावर दिवा लागतो. स्पर्धेत पहिला नंबर आला. सर म्हणतात, स्टार्टअप काढा. बाबा म्हणतात, आयटी कंपनीची कॅम्पस ऑफर घे, कर्ज फेडायचंय. मला बाळबाळंतिणींसाठीच काम करायचंय. काय करू?

उत्तर: आधी तिघींचं मनापासून अभिनंदन. कमी वजनाचं बाळ गार पडलं की दूध ओढेनासं होतं, आणि घरच्यांच्या ते लक्षात येईपर्यंत उशीर होतो. धोका तुम्ही बरोबर हेरलात. पण बंगळुरूच्या बेम्पू कंपनीनं असाच पट्टा याआधीच बाजारात आणलाय, हेही तुला माहीत असायला हवं. म्हणून खट्टू होऊ नकोस. या क्षेत्रात नव्या वस्तू करणारे बरेच आहेत. ती वस्तू तालुक्याच्या दवाखान्यात पोचवून तिथल्या सिस्टरच्या अंगवळणी पाडणारी माणसं फार थोडी. तुझी गरज मला तिथे जास्त दिसते.

असं का म्हणते, ते सांगते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमधल्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर बाळंतपणानंतरचं रक्त मोजायची प्लॅस्टिकची एक पिशवी वापरात आणली. बाळ जन्मलं की ती बाईच्या खाली सरकवायची. रक्त खालच्या निमुळत्या भागात जमतं आणि किती मिलिलिटर गेलं ते खुणांवरून दिसतं. नुसत्या नजरेनं अंदाज केला तर साधारण एक तृतीयांश रक्त कमी धरलं जातं, असं त्यांच्या २००६ सालच्या अभ्यासात आढळलं.

मग पिशव्या वाटल्या की झालं? युरोपातल्या १३ देशांत रक्त मोजायची पिशवी देऊन पाहिली. २०१० साली निकाल आला: नुसत्या पिशवीनं गंभीर रक्तस्राव कमी झाला नाही. पुढे केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांत पुन्हा प्रयोग झाला. त्यातल्या निम्म्या ठिकाणी पिशवीसोबत उपचारांची पद्धतही ठरवून दिली होती. रक्त ५०० मिलिलिटर झालं, किंवा त्याआधीच लक्षणं दिसली, की गर्भाशयाला मसाज, गर्भाशय आकुंचन पावायला ऑक्सिटोसिन, रक्त थांबायला ट्रानेक्झॅमिक अ‍ॅसिड, सलाइन आणि तपासणी, सगळं लगोलग करायचं, एकाचा परिणाम बघत थांबायचं नाही. औषधं एकाच ट्रॉलीत ठेवली, प्रत्येक रुग्णालयात पुढाकार घेणाऱ्या सिस्टर-डॉक्टर नेमल्या, आकडे नियमित समोर मांडले. २०२३ चा निकाल असा की गंभीर रक्तस्राव, त्यापायी पोटाचं ऑपरेशन किंवा मृत्यू, हे सगळं मिळून ६० टक्क्यांनी घटलं. पिशवी दोन्हीकडे होती, फक्त उरलेल्या निम्म्या ठिकाणी तिच्यावर मोजायच्या खुणा नव्हत्या. फरक पडला तो खुणा बघून वेळीच ओळखण्यानं आणि त्यावर लगेच केलेल्या बाकीच्या कामानं, आणि ते काम हाच या क्षेत्रातला खरा व्यवसाय आहे.

वेळही लागतो. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं नवजात बाळांच्या घरच्या घरी देखभालीची पद्धत बसवली. तिचे निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. आशाताईंमार्फत ती देशभर राबवायला केंद्र सरकारनं २०११ मध्ये सुरुवात केली. एवढा पल्ला कर्जाचे हप्ते चालू असताना स्वतःच्या कंपनीवर काढणं अवघड असतं. त्यामुळे लगेच स्टार्टअप, याला माझा कौल नाही.

बाबांची काळजी रास्त आहे, पण पगार फक्त आयटीतच मिळतो असं नाही. वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत सर्व्हिस किंवा ट्रेनिंगचं काम शोध. बाळाला ऊब देणारा वॉर्मर, काविळीसाठीचं फोटोथेरपी युनिट, मॉनिटर बसवायला आणि दुरुस्त करायला गावोगाव जावं लागतं. बंद पडलेलं यंत्र का बंद पडलं, हे तिथेच कळतं. सुरुवातीचा पगार आयटीपेक्षा कमी असू शकतो, हे घरी आधीच सांग. दोन-तीन वर्षांनी एमपीएच, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी, कर. पुण्यात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात, मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत चौकशी कर; प्रवेशाचे निकष त्या-त्या वर्षी तपासून घे. उपकरणांतच राहायचं ठरलं तर आयआयटी मुंबईचं वैद्यकीय उपकरणं घडवणारं बेटिक केंद्र आणि २०१७ ची वैद्यकीय उपकरण नियमावली, दोन्हींची ओळख आत्ताच करून घे. इंजिनिअरिंग आणि सार्वजनिक आरोग्य या दोन्हींची जाण असलेली माणसं मोजकीच आहेत.

परीक्षा झाली की एक काम कर. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षात रीतसर परवानगी काढून काही दिवस बस. तिथल्या सिस्टरना विचार: एका पाळीत किती बाळं सांभाळता? पट्ट्याची बॅटरी संपली तर कोण बदलेल? बाळ घरी गेल्यावर रात्री दिवा लागला, तर आईनं बाळाला छातीशी कसं धरायचं हे तिला आधी कोण शिकवेल, आणि फोन कुणाला करायचा? उत्तरं लिहून ठेव. ऑफरची मुदत त्याआधी संपत असेल तर ती स्वीकार, मात्र सही करण्याआधी बाँडची अट नीट वाच.