सही करण्याआधी गाडी काढ

अरे, न्यू जर्सीत एएम रेडिओवर कार्यक्रमासाठी वेळ भाड्याने घेतोयस, छान! पण सही करण्याआधी रात्री आठला गाडीत बसून ते स्टेशन ऐक. अमेरिकेत बऱ्याच एएम स्टेशनांना सूर्यास्तानंतर पॉवर कमी करावी लागते, काहींना तर बंदच व्हावं लागतं. डिसेंबरात साडेचारलाच अंधार! मी दुपारी ऐकून भाळलो होतो; संध्याकाळी एडिसन गावाच्या पुढे नुसती खरखर, नाट्यसंगीत तिच्याखाली गाडलेलं.

लायसन्स स्टेशनच्या मालकाचंच राहतं, एफसीसीला (रेडिओवर देखरेख करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेला) उत्तरही तोच देणार. त्यामुळे तुझा कार्यक्रम तो अडवू शकतो. दर तासाला स्टेशनची ओळख द्यावी लागते, तेवढी फट ठेव. इंटरनेटवर चालू राहिलास तर साउंडएक्स्चेंजचे (ऑनलाइन वाजवलेल्या गाण्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचे) पैसे चुकत नाहीत. तरी ते बंद करू नकोस, पुण्याचे श्रोते तिथलेच.