पेशी ‘दाद देत नाहीत’ की ‘प्रतिसाद देईनाशा’ होतात?

प्रश्न असा आहे: अतिदक्षता विभागातल्या रुग्णांच्या नातेवाइकांसाठी माहितीपत्रक करायचंय. सेप्सिसमध्ये (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव बिघडतात ती अवस्था) काही दिवसांनी होणाऱ्या ‘इम्युनोपॅरालिसिस’ला, म्हणजे प्रतिकारपेशी थंडावण्याला, ‘प्रतिकारशक्तीचा पक्षाघात’ म्हणावं की ‘प्रतिकारशक्ती कमी होणे’?

माझ्या मते दोन्ही नको.

‘पक्षाघात’मधला पक्ष म्हणजे शरीराची एक बाजू, म्हणून तर त्याला अर्धांगवायूही म्हणतात. पेशीला कसली आलीय डावी-उजवी बाजू? शिवाय व्हेंटिलेटरवरच्या माणसाबद्दल हा शब्द कानावर पडला की घरचे थेट मेंदूचा झटका समजणार. मूळ शब्दातलं ‘पॅरालिसिस’ही रूपकच आहे. १९४०च्या दशकात उंदरांना न्यूमोकोकस जंतूच्या आवरणातली शर्करा मोठ्या मात्रेत टोचली, तेव्हा त्यांच्यात प्रतिपिंडं तयार होईनात, त्यावरून ते रूढ झालं. दुसऱ्याचं रूपक जसंच्या तसं उचलायची सक्ती नाही.

‘कमी होणे’ची अडचण वेगळी. ‘कमी’ म्हटलं की मराठी माणूस मोजायला लागतो. रिपोर्टात पांढऱ्या पेशी १८,००० दिसतात आणि नातेवाईक विचारतात, ‘अहो, पेशी तर वाढल्यात, मग शक्ती कमी कशी?’ रास्त प्रश्न आहे. उत्तर त्याच कागदावर खालच्या ओळीत असतं: लिम्फोसाइट (टी आणि बी पेशी ज्यात येतात त्या पांढऱ्या पेशी) ४ टक्के. १८,०००चे ४ टक्के म्हणजे ७२०, निरोगी प्रौढात त्या साधारण १,०००च्या वर असतात. एकूण गर्दी वाढलीय ती मुख्यतः न्यूट्रोफिल या जंतू गिळणाऱ्या पांढऱ्या पेशींची, त्यातल्याही बऱ्याच कच्च्या, वेळेआधी अस्थिमज्जेतून बाहेर पडलेल्या. टी आणि बी पेशी मात्र मोठ्या प्रमाणात मेलेल्या असतात. ‘कमी’चा आणखी एक तोटा म्हणजे दुसऱ्या दिवशी काढ्याचा थर्मास अतिदक्षता विभागाच्या दारात येतो.

आणि ज्या पेशी उरतात त्यांचं काय? मोनोसाइट या पांढऱ्या पेशी घ्या. निरोगी माणसाच्या रक्तात परीक्षानळीतच जिवाणूच्या भित्तिकेतलं एंडोटॉक्सिन घातलं, तर मोनोसाइट भराभर टीएनएफ हे संदेशद्रव्य सोडतात. सेप्सिसच्या या टप्प्यातल्या रुग्णाच्या रक्तात तेच घातलं, तर पेशी आहेत, जिवंत आहेत, पण टीएनएफ फारच थोडं सुटतं. जंतूचा तुकडा टी-पेशीपुढे धरायचं जे तबक असतं, एचएलए-डीआर, तेही मोनोसाइटच्या अंगावर विरळ झालेलं असतं. म्हणजे हाक येते, ऐकू जात नाही.

इथे हात आपसूक ‘दाद देत नाहीत’कडे जातो. सावध! ‘ताप औषधाला दाद देत नाही’ ठीक आहे. पण ‘पेशी जंतूंना दाद देत नाहीत’ याचा मराठी अर्थ नेमका उलटा होतो: जंतूंपुढे नमत नाहीत, त्यांना पुरून उरतात! गंभीर रुग्णाच्या पत्रकात हे वाक्य छापलं गेलं तर वाचणारा खूश होईल.

मराठीकडे याहून नेमकं हत्यार आहे: ‘-ईनासा / -एनासा’. ‘चालत नाही’ आणि ‘चालेनासा झाला’ यांत फरक आहे. दुसऱ्यात आधी चालत होता, आता जमेना झालंय, हे सगळं एका प्रत्ययात येतं. इथे तेच घडतं, कारण सुरुवातीला याच पेशींनी थैमान घातलेलं असतं. तेव्हा वाक्य असं करा: ‘जंतूंची चाहूल लागली तरी प्रतिकारपेशी प्रतिसाद देईनाशा होतात. त्यामुळे पहिला संसर्ग आटोक्यात येत असतानाच कॅन्डिडासारखी बुरशी, ॲसिनेटोबॅक्टरसारखे जिवाणू किंवा शरीरात सुप्त असलेले विषाणू डोकं वर काढू शकतात.’ मथळ्यासाठी नामच हवं असेल तर ‘प्रतिकारपेशींची बधिरता’. बधिरपणा उतरू शकतो हे मराठी कानाला दाताच्या इंजेक्शनामुळे माहीत आहे, आणि बरे होत जाणाऱ्या रुग्णांत एचएलए-डीआरही हळूहळू वर येतं.

पत्रकात एचएलए-डीआरच्या तपासणीचा आकडा देणार असाल तर ‘टक्के’ आणि ‘प्रतिपेशी रेणू’ यांची गल्लत करू नका. अनेक अभ्यासांत दर मोनोसाइटमागे ८,०००च्या खालचा आकडा दुबळेपणाचा धरला आहे, जुन्या पद्धतीत ३० टक्क्यांहून कमी मोनोसाइटवर एचएलए-डीआर असणं. रक्ताचा नमुना ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असलेल्या नळीत, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवून काही तासांतच लावावा लागतो. बाहेर राहिला तर एचएलए-डीआर आपोआप वाढतं, आकडा फुगतो आणि बधिर पेशी तल्लख दिसतात.

पत्रकात ‘तीव्र सेप्सिस’ असं लिहिलं असेल तर तेही काढून टाका. २०१६च्या व्याख्येत ‘सिव्हिअर सेप्सिस’ हा वेगळा प्रकारच उरलेला नाही, कारण अवयवांचं काम बिघडल्याशिवाय सेप्सिस म्हणतच नाहीत. त्यात ‘तीव्र’ हा शब्द आपण ‘ॲक्यूट’साठीही वापरतो, तो घोळ वेगळाच. आणि ‘सेप्टिक’ तर नकोच नको. घराघरांत सेप्टिक म्हणजे पू झालेली जखम, मग नातेवाईक चादर उचलून जखम शोधत बसतात.