माया गावांत पाहुणे म्हणून जाताना : वाचकांचे प्रश्न

मध्य अमेरिकेतल्या माया, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांच्या, गावांविषयी आलेल्या पत्रांतून सहा प्रश्न निवडले आहेत. बहुतेकांचा रोख ग्वाटेमालाच्या डोंगराळ भागाकडे आहे, म्हणून उत्तरंही मुख्यतः तिथलीच आहेत.

प्रश्न : आमच्याकडे बारा दिवस आहेत. ग्वाटेमाला, मेक्सिकोतलं चियापास आणि युकातान, तिन्ही बसतील का? – एक वाचक, पुणे

बसतील, पण गावं बसच्या खिडकीतूनच दिसतील. एकट्या ग्वाटेमालात वीसहून जास्त माया भाषा आहेत. एक खोरं ओलांडलं की बोली बदलते, बायकांच्या अंगातल्या 'विपील'ची (पोलक्यासारख्या वस्त्राची) नक्षी बदलते, जेवणातली मिरचीही बदलते. तेव्हा एकच सरोवर धरा : आतित्लान. त्याच्या काठावर त्सुतुहिल, काक्चिकेल आणि किचे असे तीन माया समाज राहतात. सान हुआन ला लागूना या त्सुतुहिल गावात चार रात्री काढा. तिथे विणकर महिलांच्या सहकारी संस्था आहेत आणि सगळं पायी होतं.

बेत आखताना आधी वार पाहा. चिचिकास्तेनांगोचा मोठा बाजार फक्त गुरुवारी आणि रविवारी भरतो. तो दिवस पक्का करा आणि बाकीचे दिवस त्याच्या मागेपुढे लावा. पहिला दिवस ग्वाटेमालातल्याच अँटिग्वा शहराजवळच्या सान अंतोनियो आग्वास कालिएन्तेसला द्या. तिथल्या विणीला तोड नाही.

सरोवराकाठच्या पानाहाचेलहून सान हुआनला लाँच जाते. ती सकाळीच धरा. दुपारकडे 'शोकोमिल' नावाचा वारा सुटतो, मग लाँच आपटत जाते आणि सामान भिजतं. पाठदुखीवाल्यांनी पुढच्या टोकाला बसू नये, सगळे दणके तिथेच बसतात. काठावर उतरलात की समोर उभी असलेली तीनचाकी बहुतेक बजाजचीच असेल.

चियापासमधली चामुला आणि सिनाकांतान ही त्सोत्सिल माया गावं पाहण्यासारखी आहेत, पण त्यांच्यासाठी वेगळी फेरी करा. गेल्या काही वर्षांत तिथे टोळ्यांच्या संघर्षामुळे रस्ते अचानक बंद होतात, तेव्हा निघण्याआधी ताजी चौकशी हवी. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर भारतीयांना मेक्सिकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. ग्वाटेमालाचे नियम मात्र दूतावासाकडूनच तपासा आणि वाटेतल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसाही विसरू नका.

प्रश्न : आमचं घर मागाचं. तिथला कमरेला बांधायचा माग शिकायचा आहे. किती दिवस लागतील? हातमागाचं म्हणून विकतात ते खरं कसं ओळखायचं? – इचलकरंजी

तुम्हाला ताणा-बाणा सांगायला नको, पण या मागाला चौकट नाही, फणी नाही, पावड्या नाहीत. एक टोक दोरीने खांबाला किंवा झाडाला बांधतात, दुसरं पट्ट्याने विणणारीच्या कमरेला. ताण द्यायचं काम तिचं शरीर करतं, आणि नवशिक्यांचं सगळं बिघडतं ते इथेच.

ताणा खुंट्यांच्या फळीवर इंग्रजी आठच्या आकारात घेतात. मधे जो फुलीसारखा छेद पडतो तो जीव की प्राण. फळीवरून काढताना त्यात दोरा ओवून बांधला नाही तर धाग्यांचा क्रम जातो आणि गुंता सुटत नाही. मग ताण्याला मक्याच्या पाण्याची खळ देतात, नाहीतर धाग्यांचे तंतू एकमेकांना धरतात आणि पदर (बाणा जायची धाग्यांमधली फट) उघडत नाही. एक आड एक धागा उचलायला दोन काठ्या असतात : एक नुसती आडवी घातलेली, दुसरी दोऱ्याचे फासे लावलेली. पहिलीचा पदर सहज उघडतो. दुसरीचा उघडायचा तर पुढे झुकून ताण सैल करायचा, फाशांची काठी उचलायची, नुसती काठी मागे ढकलायची, मग लाकडी पट्टी आडवी सरकवून उभी करायची. बाणा टाकला की मागे रेलून ताण द्यायचा आणि पट्टीने ठोकायचं. नवशिके ताण तसाच ठेवून काठी ओढतात. धागे उचलले जात नाहीत, फासे तुटतात.

दुसरी हमखास चूक म्हणजे बाणा ओढून घेणं. वीतभर विणेपर्यंत कापड दोन बोटं अरुंद होतं. बाणा तिरका टाकून मग ठोका, आणि कापडाच्या पाठीला दोन्ही काठांत टोचून बसणारी वेताची काडी लावून रुंदी धरून ठेवा. ती काडी दर दोन-तीन इंचांनी पुढे सरकवावी लागते, आणि लोक नेमके तेच विसरतात.

तीन-चार तासांच्या वर्गात हात बसत नाही, फक्त माग समजतो. अरुंद पट्टा पुरा करायचा तर दोन-तीन दिवस हवेत. ताणा तयार असलेला माग मिळेल की ताणा घेण्यापासून शिकवतील, हे आधी विचारा. तुमच्यासारख्यांनी ताणा घेण्यापासूनचाच वर्ग घ्यावा.

आता ओळख. या मागावरच्या पट्ट्याला चारही बाजूंनी विणलेले काठ असतात, कारण कापड कापून काढावं लागत नाही. रुंदी हाताच्या पोचेइतकीच येते, म्हणून विपील दोन किंवा तीन पट्टे जोडून होतो आणि जोड हाताने शिवलेला दिसतो. कडा कापून दुमडलेली असेल तर कापड दुसऱ्या मागाचं. आतली बाजू पांढरी आणि बाहेर नक्षी असेल तर ती बहुधा छापलेली. असे छापील विपील आता बाजारात भरपूर आहेत, आणि स्वस्त म्हणून गावातल्या बायकाही ते रोज वापरतात. सान अंतोनियोच्या 'मार्कादोर' विणीत नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. ती पाहिल्याशिवाय परतू नका. भरगच्च विपील व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात, भाव त्या हिशेबाने समजून घ्या. खालचं नेसायचं 'कोर्ते' मात्र बहुधा पायमागावर, मोठ्या प्रमाणात पुरुषांनी विणलेलं असतं. त्यातले 'हास्पे', म्हणजे बांधून रंगवलेले धागे पाहायचे तर केत्साल्तेनांगोजवळच्या सालकाहाला जा.

रंगांबद्दल एक गैरसमज. फिकट, मातकट रंग म्हणजे जुनं आणि अस्सल, भडक म्हणजे नकली, असं नाही. गावातल्या बायका स्वतःसाठी गिरणीचे झगझगीत धागेच घेतात. सान हुआनमधले नैसर्गिक रंग बरेचसे परदेशी गिऱ्हाइकांसाठी पुन्हा सुरू झाले. काम चोख आहे : कोचिनिय या निवडुंगावरच्या किड्यापासून लाल, साकातिंताच्या पानांपासून निळसर, आचियोतेच्या बियांपासून नारिंगी, आणि रंग पक्का करायला केळीच्या खोडाचा रस.

प्रश्न : आम्ही पूर्ण शाकाहारी. कुटुंबाच्या घरी राहिलो तर उपाशी राहू का? तिथला तोर्तिया घरी करता येतो का? – नागपूर

उपाशी राहणार नाही. तोर्तिया, काळा घेवडा, अवोकाडो, भाजलेल्या टोमॅटोचं 'चिर्मोल', कामोणीच्या जातीतल्या पाल्याची पातळ भाजी, कोवळ्या मक्याचं 'आतोल' हे रोजचं जेवण आहे. अडचण दुसरीकडे आहे. 'कार्ने (मांस) नको' म्हटलं की अनेक घरांत फक्त गाय-डुकराचं मांस वगळतात, कोंबडी चालते असं समजतात. परतलेल्या घेवड्यात डुकराची चरबी असू शकते, सूप आणि भातात कोंबडीच्या रश्शाची वडी. तेव्हा सगळं मोजून सांगा : "नी पोय्यो, नी पेस्कादो, नी मान्तेका, नी काल्दो दे पोय्यो." म्हणजे कोंबडी, मासे, चरबी, कोंबडीचा रस्सा, काहीच नको. घेवडा नुसता उकडलेला मागा. 'पेपियान' हा भाजलेल्या भोपळ्याच्या बिया, तीळ, टोमॅटो आणि सुक्या मिरच्यांचा दाट रस्सा चुकवू नका. तो बहुधा कोंबडीचा असतो, पण आदल्या दिवशी सांगितलं तर बटाटा आणि चायोट ही फळभाजी घालून करतात. ऐनवेळी सांगून उपयोग नाही.

तोर्तियाचं खरं काम आदल्या रात्रीच होतं. घरी करायचा असेल तर १ किलो सुका मका (स्वीटकॉर्न नव्हे), ३ लिटर पाणी आणि १० ग्रॅम खाण्यायोग्य चुना घ्या. भिंतीचा चुना चालत नाही, ॲल्युमिनियमचं पातेलंही नको, चुना त्याला खातो. मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं उकळा. दाणा बोटांत चोळल्यावर साल सुटली पाहिजे. मग त्याच पाण्यात ८ ते १२ तास राहू द्या, दोन-तीनदा चोळून धुवा आणि ओलाच वाटा.

चुना जास्त झाला तर पीठ पिवळं, कडवट आणि साबणासारखं लागतं. मका कमी शिजला तर वाटण भरड येतं आणि कडा फाटतात. जास्त शिजला तर पीठ हाताला चिकटतं. फार धुतलं तर पीठ बांधलं जात नाही, कारण चुन्याने मऊ झालेली सालच पीठ बांधून ठेवते. म्हणूनच मक्याचं साधं कोरडं पीठ आणून हा तोर्तिया होत नाही. चुन्यामुळे मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्वही शरीराला मिळू लागतं. मका युरोपात गेला, पण ही रीत सोबत गेली नाही, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा हा नायसिनच्या अभावाचा आजार झाला. ग्वाटेमालातला तोर्तिया लहान आणि जाड असतो, दोन तळव्यांत थापतात. भाकरी थापणाऱ्या हाताला तो दुसऱ्या दिवशी जमतो.

प्रश्न : माया पूजाविधी पाहता येतात का? फोटो? – ठाणे

काही पाहता येतात, काही नाही, आणि ते ठरवणारे तुम्ही नव्हेत. २० दिवसांची नावं आणि १३ अंक यांच्या मेळातून २६० दिवसांचं चक्र बनतं. त्याचा हिशेब ठेवणाऱ्याला किचे भाषेत 'अहकिह' म्हणतात. विधीचा दिवस याच चक्रावरून ठरतो, तुमच्या विमानावरून नाही. कुठल्याही दिवशी ठरलेल्या वेळी विधी दाखवणारा भेटला तर तो कार्यक्रम समजावा.

खरा विधी अग्नीचा असतो. जमिनीवर साखरेने वर्तुळ काढतात, त्यावर कोपाल धूप रचतात आणि रंगीत मेणबत्त्या मांडतात : बहुतेक ठिकाणी पूर्वेला लाल, पश्चिमेला काळ्या, उत्तरेला पांढऱ्या, दक्षिणेला पिवळ्या, मधे निळ्या आणि हिरव्या. दोन-तीन तास सहज जातात. अहकिह आणि अग्नीच्या मधून जाऊ नका, हातात दिल्याशिवाय अग्नीत काही टाकू नका, मधेच उठून जाऊ नका. विधी तुमच्यासाठी करवत असाल तर सामानाचा खर्च तुमचा, तो आधी विचारून द्या.

चिचिकास्तेनांगोच्या सांतो तोमास चर्चच्या पुढच्या पायऱ्यांवर धूप जळत असतो. त्या पायऱ्या पूजा करणाऱ्यांच्या आहेत, पाहुण्यांनी बाजूच्या दाराने जावं. आत फोटो नाही. चामुलाच्या चर्चमध्ये तर कॅमेरा बाहेर काढलात तरी प्रकरण हाताबाहेर जाऊ शकतं. तिथे बाकं नाहीत, जमिनीवर पाइनच्या सुया पसरलेल्या असतात आणि मेणबत्त्या फरशीवर चिकटवलेल्या, तेव्हा सैल ओढणी सांभाळा. सरोवराकाठच्या सांतियागो आतित्लानमधला 'माशिमोन' हा मूर्तीरूपातला लोकदेव दर वर्षी वेगळ्या घरी मुक्कामाला असतो. आत जायचे पैसे वेगळे, फोटोचे वेगळे.

गावात सगळेच हे मानतात असं गृहीत धरू नका. इव्हँजेलिकल ख्रिस्ती पंथाची घरं पुष्कळ आहेत आणि काहींना हा विषयही नकोसा असतो. 'जादूटोणा' हा शब्द थट्टेतही नको. २०२० मध्ये ग्वाटेमालाच्या पेतेन भागात एका केक्ची माया वैद्याला जादूटोण्याच्या आरोपावरून जमावाने जाळून मारलं. १९६० ते १९९६ च्या यादवी युद्धाबद्दलही आपण होऊन विचारू नये. बळींत बहुसंख्य माया होते, आणि समोरच्या घरात कोण गेलं ते तुम्हाला माहीत नसतं.

प्रश्न : घासाघीस करावी का? मुलांसाठी पेन-चॉकलेट न्यावीत का? – कोल्हापूर

बाजारातल्या दुकानदाराशी थोडी करा, विणणारीशी नको. तिला किती दिवस लागले ते विचारा आणि तेवढ्या दिवसांची मजुरी मनात काढा, बोलणं आपोआप थांबतं. पेन-चॉकलेट नकोच, त्यातून मुलं शाळा सोडून लाँचच्या धक्क्यावर उभी राहतात. द्यायचंच असेल तर शाळेत चौकशी करून द्या. केत्साल या तिथल्या चलनाच्या लहान नोटा जवळ ठेवा, गावात कार्ड क्वचित चालतं. स्पॅनिश येत नसेल तरी किचे आणि त्सुतुहिल गावांत 'माल्त्योश' म्हणा. आभाराचा तो एक शब्द पुरतो.

प्रश्न : आणलेलं कापड घरी कसं धुवायचं? आणखी काय आणू नये? – पणजी

नैसर्गिक रंगाचं कापड गार पाण्यात, सौम्य साबणाने, एकटंच धुवा. सोडा, लिंबू, व्हिनेगर नको : कोचिनियचा लाल आम्लाने नारिंगीकडे आणि क्षाराने जांभळ्याकडे झुकतो. सावलीत वाळवा. निळीचा रंग पहिल्या काही धुण्यांत घासून निघतो, तो कच्चा आहे असं समजून फेकू नका. गिरणीच्या लाल धाग्याचा रंग मात्र कधीकधी पांढऱ्या पट्ट्यावर उतरतो. आधी ओला पांढरा रुमाल दाबून पाहा, डाग आला तर ड्रायक्लीन करा.

बियाणं, कच्चं लाकूड आणि माती लागलेल्या वस्तू विमानतळावर अडतात. मुखवटा घ्यायचा तर किड्याची भोकं पाहून घ्या. आणि कोणी कोपऱ्यात नेऊन 'शेतात सापडलेलं' जुनं मडकं दाखवलं तर हात लावू नका. ते खरं निघालं तर ग्वाटेमालाच्या कायद्याने गुन्हा, खोटं निघालं तर पैसे गेले.