डावे लोक सगळ्यालाच विरोध का करतात? आजच्या काळात त्या विचाराचा काही उपयोग आहे का?

सगळ्यालाच करत नाहीत, पण तसं वाटतं हे खरं. थोडा दोष त्यांच्या पत्रकांचाही आहे. 'साम्राज्यवादी शक्तींच्या दलालांनो' अशी सुरुवात असलेला कागद कोल्हापूरच्या बिंदू चौकात हातात पडला, की चहा पिणारा माणूस त्याची घडी करून बशीखाली ठेवतो.

मी कुठल्या पक्षाचा सभासद नाही. कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीत, वितळलेलं लोखंड ओतून सुटे भाग बनवणाऱ्या एका फाउंड्रीत पगारपत्रक बनवतो, त्याआधी शेजारच्या शिरोलीत हेच काम करायचो. तुम्ही ट्रम्पचं टॅरिफ, नवे कामगार कायदे आणि 'जग पुढं गेलं, हे अजून झेंडाच धरून बसलेत' अशा तीन गोष्टी एकत्र विचारल्या आहेत. माझ्या टेबलावरून जे दिसतं ते सांगतो.

टॅरिफचं आधी. २७ ऑगस्ट २०२५ पासून अमेरिकेनं भारतीय मालावर ५० टक्के आयातकर लावला. त्यातला निम्मा आपण रशियाचं तेल घेतो म्हणून. फेब्रुवारी २०२६ मध्ये तो दर खाली आला, मी सांगतोय ते त्याआधीचं. मोटारीच्या सुट्या भागांना वेगळा दर, बाकीच्या कास्टिंगला, म्हणजे ओतीव भागांना, वेगळा, असा घोळ होता तो निराळाच. टीव्हीवर ती दोन देशांची कुस्ती होती. आमच्याकडं ती अशी उतरली: तिकडचा ग्राहक म्हणाला, वाढलेल्या करातला काही वाटा तुम्ही सोसा. निर्यातदारानं ओतीव भाग मशिनवर घासून तयार करणाऱ्या मशिनशॉपवाल्याचा दर कापला, मशिनशॉपवाल्यानं फाउंड्रीचा. आता फाउंड्रीवाला कुणाचा कापणार? पिग आयर्न (कच्चं लोखंड) आणि स्क्रॅपचा भाव त्याच्या हातात नाही, विजेच्या बिलात घासाघीस होत नाही. राहिली मजुरी. शेड्यूल, म्हणजे ग्राहकाची मागणी, कमी आलं, तिसरी शिफ्ट बंद झाली, आणि फेटलिंगची, म्हणजे ओतीव भागाच्या कडा घासून साफ करणारी, ठेकेदाराची पोरं सगळ्यात आधी घरी गेली. त्यांना नोटीस नाही, भरपाई नाही, कारण कागदावर त्यांना कुणी काढलेलंच नाही. ठेकेदारानं 'उद्यापास्नं येऊ नका' एवढंच सांगितलं. शेड्यूल पुन्हा वाढलं की पोरं परत येतात, पण किलोमागं कापलेला दर सहसा परत वर जात नाही.

देशावर संकट आलंय, सगळ्यांनी सोसायला हवं, असं आमचे मालक म्हणतात, आणि ते खोटं बोलत नाहीत, त्यांचीही झोप उडालेली असते. डावा माणूस तिथं विचारतो: सगळ्यांनी म्हणजे कुणी किती? हा प्रश्न मला पगारपत्रकासमोर बसून खोडता आलेला नाही.

पण हे डाव्यांनाही सोपं जात नाही. मार्च २०२५ मध्ये मोटारींवरच्या टॅरिफचं स्वागत अमेरिकेतल्या वाहन कामगारांच्या संघटनेनंच केलं होतं. त्यांचेही कारखाने मेक्सिकोला गेलेत, त्यांचं दुखणं खरं आहे. म्हणजे तिकडच्या कामगाराला वाचवणारा कर इकडच्या कामगाराला घरी बसवतो. 'जगातल्या कामगारांनो, एक व्हा' म्हणणाऱ्यांनी यावर काहीतरी बोलायला हवं. इथल्या सभांत मी ते अजून ऐकलेलं नाही.

आता कामगार कायदे. २९ कायदे मोडून चार संहिता केल्या, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. डाव्यांनी विरोध केला. त्याआधी ९ जुलैला दहा केंद्रीय संघटनांचा देशव्यापी संप झाला, त्यात संघ परिवारातला भारतीय मजदूर संघ नव्हता. तुम्ही विचारता, एवढं वाईट काय आहे? सगळं वाईट नाही. प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं, हे चांगलं आहे. मुदतीच्या करारावरच्या माणसाला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटी, हेही चांगलं. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त दाखवले तर वरचे पैसे वेतनात धरायचे, हे तर फारच चांगलं, कारण बेसिक चिमूटभर ठेवून बाकी भत्त्यांत टाकायची आणि पीएफ वाचवायचा, ही कला आम्ही पगारवाल्यांनीच वाढवलेली आहे. डाव्यांची पत्रकं या तीन गोष्टींवर गप्प असतात, ते मला पटत नाही.

खरी मेख आकड्यांत आहे. पूर्वी १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कपात करायला किंवा कारखाना बंद करायला सरकारची परवानगी लागायची. आता ती मर्यादा ३०० आहे. दिल्लीत बसून हा आकडा वाचला तर छोट्या उद्योगाला सवलत वाटते. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल हिंडून मोजायला गेलात, तर मस्टरवर, म्हणजे कारखान्याच्या हजेरीपटावर, तीनशे कामगार असलेले कारखाने थोडेच सापडतील. मस्टरवर म्हणतोय मी. आत माणसं साडेतीनशे असतात, मस्टरवर सव्वाशे. उरलेली ठेकेदाराची. ठेकेदारालाही ५० च्या खाली कंत्राटी कामगारांचे नियम लागत नाहीत, म्हणून एका ठेकेदाराच्या जागी चाळीस-चाळीस माणसांचे तीन ठेकेदार असतात आणि तिघं एकमेकांचे मेहुणे. म्हणजे इथं कायदा शिथिल झाला नाही, तो जवळजवळ उठून गेला.

संपाचंही तसंच. आता कुठल्याही कारखान्यात १४ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय संप करता येत नाही. नोटीस दिली की समेटाची प्रक्रिया सुरू होते, आणि ती चालू असताना संप बेकायदेशीर. निम्म्या लोकांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. हक्क कागदावर आहे, पण वापरायला दार नाही. आणि महाराष्ट्रानं सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यातला दिवस ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्याचा निर्णय घेतला तेव्हा 'कामगाराच्या लेखी संमतीनेच' असं आवर्जून सांगितलं. ही संमती कशी मिळेल ते मी आजच सांगतो. कामावर लागायच्या दिवशी पीएफच्या नामनिर्देशनाच्या कागदाखाली आणखी एक कागद असेल, आणि पोरगं फुलीवर सही करत जाईल.

तुम्ही विचारलं नाही, पण कोल्हापुरी चपलेचंही थोडक्यात सांगतो, कारण त्यावर बोलून झालंय बरंच. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानच्या शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल नाव न घेता दाखवली, गावभर संताप झाला, मग त्यांनी मूळ कुठलं ते मान्य केलं, आणि डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला. दोन हजार जोड, एकेकाची किंमत ८०० युरोच्या आसपास. आम्ही सगळे श्रेयावर भांडलो. २०१९ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन दोन्ही राज्यांच्या मिळून आठ जिल्ह्यांचं आहे, आणि ते नाव राखतं, मजुरीचा दर नाही. घरात बसून चपलेची वेणी विणणाऱ्या बाईला त्या ८०० युरोंतले किती मिळणार, हे विचारणारे फार थोडे होते, आणि त्यातले बहुतेक डावे होते. तेवढं त्यांच्या पदरात टाकायला हवं.

'नुसता विरोध करतात, मिळवतात काय' याला कोल्हापुरात उत्तर आहे. शहरातले रस्ते बीओटीवर, म्हणजे कंपनीनं बांधायचे आणि टोलमधून पैसे वसूल करायचे अशा करारावर, करून गावातल्या गावात टोल बसवला होता. त्याविरुद्धच्या लढ्याच्या पुढं शेतकरी कामगार पक्षाचे एन. डी. पाटील आणि भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे गोविंद पानसरे होते, दोघंही वयानं ऐंशीच्या आसपासचे. पण मोर्चात तालमीची पोरं होती, व्यापारी होते, काँग्रेसवाले, शिवसेनावाले, गृहिणी होत्या. समाजवाद कुणी समजावत बसलं नाही. रस्ता कुणाचा, पैसे कुणाचे आणि करार कुणी वाचला, एवढंच विचारत राहिले. टोल अखेर गेला. पानसरे तो गेलेला बघायला नव्हते: १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरून येताना त्यांच्यावर आणि पत्नी उमाताईंवर गोळ्या झाडल्या, २० तारखेला ते गेले.

माझी खरी तक्रार वेगळी आहे, आणि ती इथल्या डाव्या मित्रांना तोंडावर सांगतो म्हणून इथंही लिहितो. आजचा फाउंड्री कामगार बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशाचा आहे. एका खोलीत सात-आठ जण राहतात, रात्रपाळीचे झोपतात तेव्हा दिवसपाळीचे कामावर असतात. युनियनची सभा मराठीत होते, ठराव मस्टरवरच्या कायम कामगारांच्या बोनसचा असतो, आणि ही पोरं त्या वेळी भट्टीजवळ असतात. उद्या कुणी 'हे परप्रांतीय तुमच्या नोकऱ्या खातात' म्हणत आला, तर कायम कामगारांतले निम्मे त्याच्या मागं जातील, कारण तोपर्यंत दोघांना एकत्र कुणी बसवलेलंच नसेल. गेल्या दिवाळीत एका युनियनवाल्यानं माझ्याकडं ठेकेदाराच्या पोरांची यादी मागितली. मी म्हटलं, यादी माझ्याकडंही नाही, ठेकेदार फक्त आकडा देतो. तो म्हणाला, मग खोल्यांवर जातो. सध्या रविवारी दुपारी जातो तो, हिंदी जेमतेम येतं त्याला. अजून सभासद एकही नाही, पण दोघं-तिघं हजेरीचे फोटो मोबाईलवर काढून ठेवायला लागलेत.