मनाली सुटली, स्की सुटू नये

भावा, वडिलांच्या नोकरीमुळं मनालीत वाढलास, आता कोल्हापुरात नोकरी लागली. डिसेंबरात जीव कासावीस होणारच. इथं बर्फ भेटतो तो उसाच्या रसात!

खोलीत मनालीजवळच्या सोलंगच्या स्की-उतारांचे व्हिडिओ बघत बसू नकोस, त्यानं आठवण वाढतेच. संध्याकाळी जवळच्या तालमीत जा. पोरं बैठका मारतात, त्यांच्यात मिसळ. ओळखी होतील, मांड्याही तयार राहतील. कुणी तांबडा-पांढऱ्याला बोलावलं तर आढेवेढे घेऊ नकोस.

रविवारी पन्हाळा चढ, पण उतरताना गाडी पकडू नकोस. उताराला मांडीचे स्नायू ताणले जातानाच वजन पेलतात, स्कीवरही तेच काम असतं. नुसतं चढून हे होत नाही.

रजा आत्ताच मागून ठेव, फेब्रुवारीत गुलमर्ग गाठ. तिथल्या गोंडोलाचा, म्हणजे केबल कारचा, दुसरा टप्पा सुमारे ३,९०० मीटरच्या वर नेतो आणि आपण राहतो साडेपाचशेवर, म्हणून पहिले दोन दिवस खालच्या उतारांवरच काढ.

स्की सोबत आणल्या असशील तर पावसाळ्याआधी तळाला आणि पोलादी कडांना मेणाचा जाड थर दे. इथल्या दमट हवेत गंज लगेच धरतो.