गटात जपान आहे, मग?

मैदानाच्या कडेने : वाचकांचे प्रश्न, शिरोड्याच्या बाईंची उत्तरं

29 जुलै 2025 ला सिडनीत महिला फुटबॉलच्या आशिया चषक 2026 चा ड्रॉ, म्हणजे गटांची सोडत, निघाला. भारत 'क' गटात आहे आणि सोबत जपान, व्हिएतनाम, चायनीज तैपेई (म्हणजे तैवान). तेव्हापासून टेबलावर पत्रांचा ढीग साचलाय. एकतीस वर्षं शाळेत खेळ शिकवला, पण मुलींच्या फुटबॉलवर इतकी माणसं हमरीतुमरीवर आलेली मी या किनाऱ्यावर पहिल्यांदा पाहतेय. म्हणून या वेळी बाकीचे विषय बाजूला ठेवले आहेत.

बाई, बंदी सुटली नि होडी भायर काढली तेव्हापासून आमच्या चौघांत वाद चललो हा. तांडेल म्हणता, गटात जपान इलो म्हणजे आपला कायच खरा नाय. मी म्हणतंय, मॅची तीन, जपान एकच. कोणाचा खरा?
— एक खलाशी, वेंगुर्ला

खरं तुमचं आहे, पण तांडेलांना वेड्यात काढू नका. कागदावर ते बरोबर आहेत. ड्रॉच्या वेळी फिफा क्रमवारीत जपान 7, व्हिएतनाम 37, चायनीज तैपेई 42 आणि आपण 70. म्हणजे चौघींत शेवटच्या. जपान 2011 चा जगज्जेता, आणि फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांनी अमेरिकेला अमेरिकेत जाऊन हरवलंय.

पण क्रमवारीचे आकडे बाजूला ठेवून या तिघींशी आपण शेवटचं कधी खेळलो ते बघा. ऑक्टोबर 2023 मध्ये ताश्कंदला ऑलिंपिक पात्रता फेरीत जपानकडून 0-7 हरलो. तीन दिवसांनी व्हिएतनामकडून 1-3. त्याच वर्षी हांगचौच्या आशियाई खेळांत चायनीज तैपेईविरुद्ध पहिला गोल आपला होता, तरी 1-2 हरलो. त्याआधी 2021 मध्ये बहारीनला मैत्रीच्या सामन्यात याच तैपेईला आपण 1-0 हरवलं होतं. तेव्हा तैपेई हाताच्या अंतरावर आहे, व्हिएतनामला गाठायला धाव मारावी लागेल आणि जपान अजून क्षितिजावर आहे. तुमच्या भाषेत सांगायचं तर तिन्ही होड्या दिसतात, पण एकीच्याच वल्ह्याचा आवाज ऐकू येतो.

आता सामन्यांचा क्रम. 4 मार्चला पर्थमध्ये व्हिएतनाम, 7 मार्चला तिथेच जपान, 10 मार्चला सिडनीच्या पश्चिमेला चायनीज तैपेई. मला हा क्रम आवडला. व्हिएतनामला आपण ताज्या पायांनी भेटतोय. जपान आधी असता आणि पाच-सहा गोल पोटात घेऊन दुसऱ्या सामन्याला उतरावं लागलं असतं, तर मुली अर्ध्या तिथेच हरल्या असत्या. वाईट एवढंच की जपाननंतर तीन दिवसांत अख्खं ऑस्ट्रेलिया ओलांडायचं, तीन हजार किलोमीटरांहून जास्त अंतर, आणि जो सामना जिंकायलाच हवा तो त्या प्रवासानंतर आहे.

तांडेलांना माझा नमस्कार सांगा. सगळा हिशोब 4 मार्चवर आहे, जपानवर नाही.

तिसरा आलेला संघही पुढे जातो असं वाचलं. हे कसं? आणि त्यात गोलफरकाचं काय?
— एक वाचक, मालवण

या प्रश्नासाठी मी तुमची ऋणी आहे, कारण नाक्यानाक्यावर चाललेल्या वादात हीच गोष्ट कोणी बोलत नाही.

बारा संघ, तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन म्हणजे सहा. उपांत्यपूर्व फेरीला आठ लागतात, म्हणून तीन तिसऱ्यांपैकी दोघी पुढे. म्हणजे तिसऱ्या आलेल्यांत फक्त एकच घरी जाते. ती कोण, हे आधी गुणांवर आणि मग गोलफरकावर, म्हणजे केलेल्या गोलांतून खाल्लेले वजा करून, ठरतं. उपांत्यपूर्व फेरीत पोचलात की 2027 च्या ब्राझीलमधल्या विश्वचषकाचं दार किलकिलं झालंच: चार उपांत्य संघ थेट, आणि उपांत्यपूर्व फेरीत हरलेल्या चौघींना आपसात आणखी एक संधी.

हे कागदी गणित नाही. आपल्याच महाराष्ट्रात, जानेवारी 2022 मध्ये, नवी मुंबई, मुंबई आणि पुण्यात हीच स्पर्धा याच पद्धतीने झाली. व्हिएतनाम दक्षिण कोरियाकडून 0-3 हरला, जपानकडून 0-3 हरला, म्यानमारशी 2-2 अशी बरोबरी. एकही विजय नाही. तिकडे इराण चीनकडून 0-7 आणि चायनीज तैपेईकडून 0-5 हरला. इराणच्या गटात तीनच संघ उरले होते, म्हणून तुलनेत तळाच्या संघाशी झालेले सामने धरले नव्हते, त्यामुळे दोघींचे गुण शून्य आणि निकाल गोलांवर. व्हिएतनाम उणे सहा, इराण उणे बारा. इराणच्या मुली घरी गेल्या. व्हिएतनाम उपांत्यपूर्व फेरीत चीनकडून हरला, पण पुढच्या फेरीत आधी थायलंडला आणि मग नवी मुंबईत चायनीज तैपेईला 2-1 हरवून 2023 च्या विश्वचषकाला गेला. जपान आणि कोरियासमोर तिनावर थांबवण्याची जी मेहनत त्या मुलींनी केली, तिनेच त्यांना विश्वचषक दाखवला.

म्हणून 'जपानची मॅच गेलीच' असं जो म्हणेल त्याला तिथल्या तिथे थांबवा. जपानकडून दोनने हरणं आणि सातने हरणं यात विश्वचषकाएवढं अंतर असू शकतं.

हे मला पुस्तकातून कळलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी तालुक्याच्या स्पर्धेत तांब्यातून चिठ्ठ्या काढल्या आणि आमच्या वाट्याला सगळ्यात दांडगा संघ आला. चिठ्ठी वाचली तशा माझ्या मुलींचे चेहरे उतरले. मध्यंतराला 0-2 होतो. शेवटची दहा मिनिटं उरली असताना मी कडेवरून ओरडले, "गो, जाऊ दे आता, उद्यासाठी पाय राखा." त्या दहा मिनिटांत चार गोल झाले. दुसऱ्या दिवशी जिंकलो, गुण बरोबरीत आले आणि एका गोलाने बाहेर पडलो. आमची गोलरक्षक तेव्हा आठवीत होती. ती परतीच्या एसटीत माझ्याशी एक शब्द बोलली नाही आणि तिचं चुकलं नव्हतं.

इराणविषयी अजून एक. 20 जानेवारी 2022 ला त्याच स्पर्धेत नवी मुंबईत आपण त्यांच्याशी 0-0 खेळलो होतो. आपण यजमान होतो. रविवारी, 23 तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता आणि संघात कोरोना शिरला. तेरा खेळाडूही उभ्या करता आल्या नाहीत आणि भारत स्पर्धेतून बाद झाला, इराणशी झालेला सामनाही रद्द धरला गेला. मी टीव्हीसमोर बसले होते, चहा तसाच निवला. येत्या 10 मार्चला तोच तैपेई समोर असेल. न झालेला तो सामना चार वर्षांनी होतोय, आणि ड्रॉ बघितल्याक्षणी मला पहिली आठवण त्याची झाली.

डिसेंबरमध्ये पुरुषांचा ड्रॉ निघाला तेव्हाही तुम्ही सगळे 'सोपा गट' म्हणून नाचलात. पुढे काय झालं? आता मुलींच्या नावाने पुन्हा आशा कशाला लावता?
— एक जुना वाचक, रत्नागिरी

तुमचा राग मला समजतो. डिसेंबर 2024 मध्ये क्वालालंपूरला 2027 च्या आशिया चषक पात्रतेसाठी ड्रॉ निघाला, तेव्हा आपण पहिल्या भांड्यात, म्हणजे वरच्या क्रमवारीच्या संघांत, होतो आणि गटात हाँगकाँग, सिंगापूर, बांगलादेश. गटातून एकच संघ पुढे जाणार होता, तरी सगळे हुश्श म्हणाले. मीही म्हणाले. मार्चमध्ये शिलाँगला बांगलादेशशी 0-0. जूनमध्ये हाँगकाँगला अगदी अखेरच्या क्षणी पेनल्टीवर 0-1.

आशा गटातल्या नावांवर लावली की असं होतं. मुलींच्या बाबतीत मी आशा ड्रॉवर लावत नाहीये, चियांग माईवर लावतेय. तिथे, थायलंडमध्ये, पात्रता फेरीत त्यांनी मंगोलियाला 13-0, तिमोर-लेस्तेला 4-0, इराकला 5-0 हरवलं. शेवटी समोर यजमान थायलंड, 46 व्या क्रमांकाचा, दोन विश्वचषक खेळलेला. दोघींचे गुण सारखे, गोलफरक सारखा, दोघींनी एकही गोल खाल्लेला नाही. संगीता बासफोरने पहिल्या अर्ध्यात गोल केला, मध्यंतरानंतर लगेच थायलंडने फेडला, आणि 74 व्या मिनिटाला पुन्हा संगीताच. 2-1. पात्रता फेरी खेळून आशिया चषक गाठायची ही भारतीय मुलींची पहिलीच वेळ. परक्या मैदानावर, गोल खाल्ल्यावर, पुन्हा पुढे जाणं आमच्या पुरुष संघाला अलीकडे जमलेलं नाही. ज्यांना ते जमलं त्यांच्यावर विश्वास ठेवायला मला कोणाची परवानगी नको.

मला काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. 2024-25 च्या इंडियन विमेन्स लीगमध्ये आठ संघ होते, म्हणजे एकेका मुलीच्या वाट्याला वर्षाकाठी चौदा सामने. जपानच्या मुली त्यांच्या लीगमध्ये आणि युरोपात याहून कितीतरी जास्त खेळतात. हे लिहितेय ते ऑगस्ट 2025 मध्ये. मार्चपर्यंत या मुलींना आपल्यापेक्षा वरच्या संघांशी किती सामने मिळतात ते मोजा. हरले तरी चालतील, पण मिळायला हवेत. तुम्हाला पत्र लिहायचंच असेल तर त्यासाठी लिहा.

बाई, मी नववीत आहे. आमच्याकडे ड्रॉवर वाद झाला तेव्हा काका म्हणाले, "नॅशनल टीम म्हणजे मुलांची, ही मुलींची वेगळी." आणि इथून खेळून कोणी पुढे जातं का?
— एक विद्यार्थिनी, सावंतवाडी

काकांना एवढंच विचार, सध्या आशिया चषकात भारताचा झेंडा घेऊन कोणता संघ जातोय? जो जातोय तो राष्ट्रीय संघ.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी गोड करून देणार नाही. आपल्याकडे मैदान म्हणजे जांभ्याचा सडा. पडलं की गुडघा सोलतो, म्हणून मुली घसरून चेंडू काढायला शिकतच नाहीत. पावसाळ्यात शाळेचं पटांगण म्हणजे मळा. मी वेळागरच्या किनाऱ्यावर ओहोटीला सराव घ्यायचे. पाणी मागे सरलं की वाळू घट्ट होते, चेंडू सरळ धावतो, पडलं तर लागत नाही. गोलाचे खांब म्हणून सुरूचे वासे. भरतीचं वेळापत्रक हेच आमचं वेळापत्रक. पायातली ताकद तिथे येते, ती हिरवळीवर येत नाही.

पण एक गोष्ट तुझ्याजवळ आहे जी विदर्भातल्या मुलीजवळ नाही. गोवा तुझ्या दारात आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा विश्वचषक भारतात झाला, तेव्हा उपांत्य सामने मडगावला फातोर्ड्यात होते. दिवाळीचे दिवस. अकरा मुलींना घेऊन मी सावंतवाडीहून रेल्वेने गेले, डब्यात करंज्या आणि चकल्या. कोलंबिया आणि नायजेरिया 0-0, मग पेनल्टीवर कोलंबिया. कोलंबियाची लिंडा कायसेदो आमच्या बाजूच्या रेषेजवळून चेंडू घेऊन गेली, तेव्हा माझी सातवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ती बॉलाकडे बघनाच नाय." तेवढ्यासाठी तो प्रवास होता. नऊ महिन्यांनी तीच कायसेदो मोठ्यांच्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध गोल करताना दिसली.

मनीषा कल्याण होशियारपूरजवळच्या गावातली, आणि युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय. प्यारी खाखा ओडिशाची, मंगोलियाविरुद्ध पाच गोल तिचे. या मोठ्या शहरांच्या मुली नाहीत. सिंधुदुर्गातून अजून कोणी तिथवर गेलेलं मी पाहिलेलं नाही आणि मला ते पाहायचंय. शनिवार-रविवार पलीकडे जाऊन खेळता येईल अशी सोय बघ. घरून कोणी अडवत असेल तर मला लिही, मी घरी येऊन बोलते.

4 मार्च ऐन शिमग्यात येतोय. पालखी दारात असताना मॅच कशी बघायची?
— एक वाचक, देवगड

फाल्गुनी पौर्णिमा 3 मार्चला, म्हणजे अडचण खरी आहे. पण पर्थ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, तिथली संध्याकाळ ती आपली दुपार. आमच्या वाडीत मी आतापासून सांगून ठेवलंय: मांडावर टीव्ही लावायचा, जोडणी आदल्या दिवशी तपासायची आणि पालखी आली की नव्वद मिनिटं आमच्याच अंगणात टेकवायची. मानकऱ्यांनी एकच अट घातली, गाऱ्हाणं आधी घालायचं. त्यात काय मागायचं ते मी त्यांना लिहून दिलंय: व्हिएतनामविरुद्ध तीन गुण, आणि जपानविरुद्ध शेवटची दहा मिनिटं.