बुलबुलाने कुंडीत घरटं केलंय? मग आधी पाण्याची झारी बाजूला ठेवा

अभिनंदन! आता महिनाभर बाल्कनी तुमची नाही, हे मान्य करून टाका.

लालबुड्या बुलबुल दोन-तीन अंडी घालतो. गुलाबीसर, त्यावर तांबडे-जांभळट ठिपके. साधारण दोन आठवड्यांत पिल्लं निघतात आणि पुढच्या दोनेक आठवड्यांत उडूनही जातात. तेवढे दिवस त्या कुंडीला वरून पाणी घालू नका. कडेने, मातीलगत, हळूच सोडा. फारच झालं तर झाड सुकू द्या. मनीप्लांट परत येतो.

नवीन माणसं चुकतात ती फोटोत. आम्हीही चुकलो होतो. दिवसातून दहा वेळा मोबाईल घेऊन डोकावायचो, आणि समोरच्या तारेवरचा कावळा ते निवांत बघत होता. चौथ्या दिवशी घरटं रिकामं. तेव्हापासून पडद्याआडून बघतो, तेही चहाच्या वेळी.

पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर घाबरू नका. पिसं आलेलं, टुणटुण उड्या मारणारं असेल तर ते घरटं सोडायच्याच वयाचं आहे. मांजर नसेल अशा उंच कुंडीत ठेवा आणि आत या. उघडंबोडकं असेल तर अलगद उचलून घरट्यात ठेवा. हात लागला म्हणून आई टाकून देते, हे खरं नाही. दूध-पोळी मात्र अजिबात भरवू नका, आईबाप अळ्या आणतात.

आणि हो, सासूबाईंना सांगा, वाळत घालायचे कपडे महिनाभर खोलीत.